कायदा कडक नको, नेमका हवा

‘हे मेलं इंटरनेट बंदच करून टाकायला हवं!’ हे वाक्य हल्ली कुठेही कानावर पडतं. भिशीत, एसटी स्टँडवर, शाळेच्या पालकसभेत. कुणाच्या तरी भाचीचा फोटो कुणीतरी उचललेला असतो आणि तिचा चेहरा भलत्याच शरीराला चिकटवून तो गावभर फिरवलेला असतो. कुणाच्या मुलीच्या नावाने खोटं खातं उघडलेलं असतं. कुणी चार शब्द धीटपणे लिहिले, तर त्याखालच्या घाणेरड्या प्रतिक्रिया वाचून घास घशाखाली उतरत नाही. मग बोलणं ठरलेल्या वळणावर येतंच. ‘सरकार करतंय काय? चांगला कडक कायदा करायला नको?’ आणि सगळ्या माना डोलावतात.

हा राग खरा आहे, त्यात काहीच चूक नाही. पण ‘कडक कायदा’ हे शब्द आपण इतक्या सहज उच्चारतो ना, तिथे मला जरा थांबावंसं वाटतं. कारण असा एक कडक कायदा आपल्या देशात होऊन गेलाय. आणि त्याच्या तडाख्यात सापडलेली सगळ्यांच्या लक्षात राहिलेली माणसं कोण होती? कुणी गुंड नव्हते, की मुलींचे फोटो विकणारे नव्हते. त्या दोन मुली होत्या, आणि त्याही आपल्यासारख्याच तालुक्याच्या गावातल्या.

गोष्ट पालघरची. तेव्हा पालघर स्वतंत्र जिल्हा झाला नव्हता, ठाणे जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मुंबईत त्यांची अंत्ययात्रा निघाली. लाखो माणसं रस्त्यावर, बाकी सारे व्यवहार ठप्प. त्या दिवशी पालघरच्या एका २१ वर्षांच्या मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. माणसं रोज जन्मतात, रोज जातात, मग शहर बंद कशासाठी? हे आदरापोटी चाललंय की भीतीपोटी? असा काहीसा त्याचा आशय. त्यात शिवी नव्हती, धमकी नव्हती. तिच्या मैत्रिणीने ते ‘लाइक’ केलं. बस्स, एवढंच.

आता, ज्या दिवशी लाखो लोक शोकात आहेत त्या दिवशी असं लिहू नये, असं कुणाला वाटलं असेल तर मी समजू शकते. पण वाटण्यावर ते थांबलं नाही. मुलीने मजकूर काढून टाकला, माफीही मागितली. तरी जमावाने तिच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड केली. पोलिसांनी दोघींनाही अटक केली. हो, नुसतं ‘लाइक’ करणारीलासुद्धा! न्यायालयाने त्यांना प्रत्येकी १५ हजार रुपयांच्या जामिनावर सोडलं. पुढे देशभर ओरड झाली, पोलीस अधिकारी निलंबित झाले, खटला चालवण्यासारखं काही नाही असा अहवाल पोलिसांनीच न्यायालयात दिला. पण तोवर त्या दोन घरांचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. गावात लोक कसे बघायला लागतात, नातेवाईक काय काय बोलतात, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

या मुलींना ज्या कलमांखाली पकडलं त्यातलं एक होतं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ. संसदेने २००८ मध्ये मूळ कायद्यात दुरुस्ती करून ते घातलं आणि ऑक्टोबर २००९ मध्ये ते अमलात आलं. संगणक किंवा मोबाइलवरून कुणी ‘अत्यंत आक्षेपार्ह’ मजकूर पाठवला, किंवा खोटं आहे हे माहीत असूनही कुणाला त्रास, गैरसोय, अपमान व्हावा म्हणून काही पाठवलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. वाचायला किती छान वाटतं, नाही? त्रास देणाऱ्याला शिक्षा व्हायलाच हवी की!

पण आक्षेपार्ह म्हणजे काय? कुणाला आक्षेपार्ह? कलमात याची व्याख्याच नव्हती. ते ठरवणार कोण, तर पोलीस ठाण्यातला साहेब, आणि त्याच्यासमोर घोषणा देत उभा असलेला जमाव.

खरं सांगू का, हे असं मोघम असणं म्हणजे काय, ते वकिलांपेक्षा आपल्याला जास्त कळतं. ‘बाईने मर्यादेत राहावं.’ ऐकलंय ना हे वाक्य? जन्मभर ऐकलंय. पण ही मर्यादा नेमकी कुठे आहे, हे कुणी कधी लिहून दिलंय? माहेरी ती एका जागी असते, सासरी दुसऱ्या. सासूबाईंच्या लेखी डोक्यावरून पदर घसरला की ओलांडली, तर नवऱ्याच्या लेखी चारचौघांत त्याची चूक दाखवली की ओलांडली. भाऊ मोठ्याने हसला तर तो मोकळा स्वभाव, आणि आपण हसलो तर ती मर्यादा सुटली. नियम लिहिलेलाच नाही, म्हणजे तो मोडला की नाही हे दर वेळी समोरचाच ठरवणार. आणि समोरचा नेहमी आपल्यापेक्षा वरचा असतो. मग आपण काय करतो? बोलणंच बंद करतो. न जाणो, चुकलं तर!

६६-अ कलम म्हणजे हीच ‘मर्यादा’ होती. फक्त तिला पोलिसांची बेडी जोडलेली होती.

पालघरच्या प्रकाराने अस्वस्थ झालेली श्रेया सिंघल नावाची दिल्लीची एक तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली. तीही तेव्हा जेमतेम विशीतली. इतरांच्या याचिकाही त्यात जोडल्या गेल्या. २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती जे. चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. निकालातला एक भाग आपण प्रत्येकीने समजून घ्यावा असा आहे. न्यायालयाने बोलण्याचे तीन प्रकार केले. एखाद्या विषयाची चर्चा करणं, एखाद्या मताचा आग्रह धरणं आणि लोकांना चिथावणी देणं. पहिल्या दोन्हींना, ते कितीही कटू वाटले तरी, राज्यघटनेचं संरक्षण आहे. तिसऱ्याशी, म्हणजे चिथावणीशी गाठ पडते तेव्हाच कायद्याने मध्ये पडावं. किती साधी रेघ आहे बघा. आपल्याला आवडलं की नाही हा प्रश्नच नाही. त्याने कुणाचं काय बिघडणार, हा प्रश्न.

कलम रद्द झालं, पण सवय सुटली नाही. रद्द झालेल्या त्याच कलमाखाली पोलीस ठाण्यांत गुन्हे नोंदवले जातच राहिले. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं, की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका. आणि ज्यांना गप्प करायचं असतं त्यांच्यासाठी दुसरी कलमं असतातच. मे २०२२ मध्ये अभिनेत्री केतकी चितळेला शरद पवारांविषयीच्या एका पोस्टवरून अटक झाली. मजकूर तिने स्वतः लिहिलेला नव्हता, दुसऱ्याच्या नावाचा होता, तिने तो फेसबुकवर टाकला होता. राज्यात ठिकठिकाणी गुन्हे नोंदले गेले, आणि जामिनावर सुटायला जूनचा उत्तरार्ध उजाडला. एखाद्याच्या आजारपणाची, दिसण्याची टिंगल मला मुळीच पसंत नाही. मी असलं काही लिहिणार नाही, कुणी पाठवलं तर पुढे ढकलणार नाही. पण वाईट अभिरुची आणि गुन्हा यात फरक नको का? वाईट बोलणाऱ्याला ‘हे वाईट आहे’ असं तोंडावर सांगावं. त्यासाठी महिनाभर कोठडी?

इथे कुणी म्हणेल, ‘ताई, हे राजकारणाचं झालं. आम्ही बायकांच्या रक्षणासाठी कायदा मागतोय.’ बरं, मग केरळचं उदाहरण बघू. २०२० साली तिथे एक जण यूट्यूबवर बायकांबद्दल अत्यंत गलिच्छ बोलत होता. पोलीस दाद देईनात, तेव्हा भाग्यलक्ष्मी या नामवंत डबिंग कलाकार आणि त्यांच्या दोन मैत्रिणी थेट त्याच्या खोलीवर गेल्या आणि त्याला धडा शिकवून आल्या. गुन्हा त्याच्यावर नोंदला गेला, तसा या तिघींवरही. सगळीकडे त्यावर चर्चा झाली. मग राज्य सरकारने, बायका-मुलांवरचे इंटरनेटवरचे हल्ले थांबवायचे असं सांगत, नोव्हेंबरमध्ये पोलीस कायद्यात ११८-अ हे नवं कलम आणलं. कुणाला धमकावणारं, अपमानित करणारं, बदनाम करणारं काहीही, कुठल्याही माध्यमातून पसरवलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. यात ‘बाई’ हा शब्द कुठे उरला? उद्या एखाद्या पुढाऱ्याच्या भ्रष्टाचारावर कुणी लिहिलं तर त्याचीही ‘बदनामी’च की! चहूबाजूंनी टीका झाली आणि राज्यपालांची सही होऊन दोन दिवस उलटतात न उलटतात तोच, २३ नोव्हेंबर २०२० रोजी मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी हे कलम राबवणार नसल्याचं जाहीर केलं.

मैत्रिणींनो, आपल्या नावाने जेव्हा एखादा कायदा मागितला जातो, तेव्हा तो आपल्याच हातात राहील याची खात्री नसते. दार आपल्यासाठी म्हणून उघडतात आणि आत भलताच येऊन बसतो.

मग काय, ज्याला जे वाटेल ते बोलू द्यायचं? मुलीचा फोटो फिरला तरी ‘अभिव्यक्तिस्वातंत्र्य’ म्हणून गप्प बसायचं? अजिबात नाही! कुणाचा खासगी फोटो पसरवणं हे मत नव्हे. ‘तुला बघून घेतो’ हा विचार नव्हे. रोज रात्री नव्या नंबरवरून घाण मेसेज पाठवणं ही चर्चा नव्हे. ती कृत्यं आहेत, आणि त्यांच्यासाठी कायदा आहे. अगदी नेमका आहे. परवानगीशिवाय शरीराच्या खासगी भागाचा फोटो काढला किंवा पसरवला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई. अश्लील मजकूर टाकला तर ६७, लैंगिक कृतीचं चित्रण असेल तर ६७-अ. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ७७ आणि ७८ आहे. एक चोरून बघण्या-चित्रण करण्याबद्दल, दुसरं पाठलागाबद्दल. पाठलाग म्हणजे फक्त रस्त्यावरचा नाही, एखादी बाई इंटरनेटवर काय करते यावर पाळत ठेवणं हासुद्धा. आणि कलम ७७ मधली एक गोष्ट तर घरोघरी सांगायला हवी. मुलीने खासगी क्षणाचा फोटो काढू दिला, म्हणजे तो दुसऱ्यांना दाखवायची परवानगी दिली असं होत नाही. काढायला ‘हो’ म्हटलं असलं तरी तिच्या संमतीशिवाय तो पसरवणारा गुन्हेगारच. ‘तिनेच काढू दिला ना?’ या आपल्याकडच्या लाडक्या प्रश्नाला कायद्याने केव्हाच उत्तर देऊन ठेवलंय!

कंपन्यांनाही मोकळं सोडलेलं नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेल्या नियमांनी त्यांना तक्रार अधिकारी नेमायला लावला, आणि असा खासगी फोटो किंवा व्हिडिओ असेल तर तक्रार आल्यापासून २४ तासांच्या आत तो हटवण्याचं बंधन घातलं.

तर मग अडतं कुठे? दोन उदाहरणं शेजारी शेजारी ठेवते. जुलै २०२१ मध्ये देशातल्या अनेक मुस्लीम महिलांचे फोटो उचलून त्यांचा ‘लिलाव’ मांडणारं एक अ‍ॅप उघडकीला आलं, सुल्ली डील्स नावाचं. त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. मत मांडणाऱ्या बायका, हाच त्यांचा अपराध. दिल्लीत गुन्हा दाखल झाला, आणि महिनोन् महिने कुणालाही अटक नाही. मग १ जानेवारी २०२२ रोजी तसंच दुसरं अ‍ॅप आलं, बुल्ली बाई. या वेळी मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने हालचाल केली आणि आठवड्याच्या आत आरोपी पकडायला सुरुवात झाली. त्यात जेमतेम विशीची पोरं होती, एक तरुणीसुद्धा होती. त्यानंतर पहिल्या प्रकरणातही अटक झाली. देश तोच, कायदा तोच. फरक होता तो तक्रार मनावर घेण्याचा.

छोट्या गावात तर हाच फरक जीवघेणा ठरतो. पोलीस ठाण्यात गेलं की पहिला प्रश्न, ‘फोटो टाकलाच कशाला?’ दुसरं वाक्य, ‘हे सायबरचं आहे, जिल्ह्याला जा.’ खरं तर दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घेणं हे कुठल्याही ठाण्याचं काम आहे. २०२४ पासून तर कायद्यातच तसं लिहिलंय. पण हे मुलीला माहीत नसतं, तिच्या बापाला माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं ते सांगत नाहीत.

आणि ठाण्याच्या आधी एक मोठी पायरी असते. घराची. एका कॉलेजात या विषयावर बोलून झाल्यावर एक मुलगी मागे थांबली होती. सगळ्या गेल्यावर हळूच म्हणाली, ‘मॅडम, कलमं सगळी कळली. पण तक्रार करायची म्हणजे आधी घरी सांगावं लागणार. घरी सांगितलं की फोन जाणार. मग कॉलेज जाणार. मग स्थळं बघणार. त्यापेक्षा मी त्याला ब्लॉक करते आणि गप्प बसते.’ मला काय बोलावं सुचेना. त्रास देणारा पोरगा मजेत फिरणार, आणि त्रास झालेली मुलगी घरात बसणार!

गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यातल्या सूरज गावाने फेब्रुवारी २०१६ मध्ये हेच उघडपणे केलं होतं. लग्न न झालेल्या मुलींनी मोबाइल वापरायचा नाही, वापरला तर २१०० रुपये दंड, आणि चुगली करणाऱ्याला २०० रुपये बक्षीस. मुलांना अर्थातच बंदी नाही. आपण वाचून हसतो. पण आपल्या किती घरांत हा ठराव न लिहिताच मंजूर झालेला असतो? मुलीच्या बोलण्यावर पहिली बंदी सरकार नाही आणत. ती आपणच आणतो, तिच्या काळजीपोटी.

काळजीवरून आणखी एक आठवलं. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवा मोबाइलवरून सगळीकडे पसरलेल्या होत्या. सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी आलेल्या, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने त्या संशयावरून ठेचून मारलं. पाचही निरपराध. असे मेसेज कोण पुढे पाठवतं? दर वेळी कुणी दुष्ट माणूस नसतो. ‘आपापल्या मुलांना सांभाळा, लगेच सर्वांना कळवा’ हे वाचून काळीज हललेली एखादी आईसुद्धा असते. त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एकावेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण अंगठा आपलाच असतो ना? खरं आहे का, कुणी सांगितलं, कधीचं आहे, एवढं विचारल्याशिवाय पुढे पाठवायचं नाही, हा नियम कुठलंही सरकार आपल्यावर लादू शकत नाही. लादूही नये. तो आपणच आपल्याला घालून घ्यायचा. तसाच दुसऱ्याच्या मुलीच्या फोटोचा. तो आपल्या ग्रुपवर आला, तर ‘बघा काय चाललंय’ म्हणूनसुद्धा पुढे धाडायचा नाही. तिथेच थांबवायचा. ज्याने पाठवला त्याला विचारायचं, मग तो दीर असो की साहेब.

म्हणजे कायद्याचं काम वेगळं आणि नीतीचं वेगळं. कुणी वाईट बोललं तर त्याला उत्तर द्यायचं काम आपलं. कुणी इजा केली तर त्याला पकडायचं काम पोलिसांचं. ही दोन कामं एकमेकांत मिसळली की पोलीस मतांच्या मागे धावतात, आणि इजा करणारा सुटतो.

तेव्हा यापुढे कुणी ‘कडक कायदा हवा’ म्हटलं, की आपण एक प्रश्न विचारू या. नेमकी कुठली कृती बंद करणारा? त्याचं उत्तर ‘जे कुणाला आवडत नाही ते’ असं असेल, तर तो कायदा आज ना उद्या आपल्याच दारात येणार आहे. मागायचंच तर हे मागू. प्रत्येक ठाण्यात अशी तक्रार समजून घेणारी एक तरी व्यक्ती हवी. फोटो काही तासांत हटला पाहिजे. ‘टाकलाच कशाला’ विचारणाऱ्याला जाब विचारला गेला पाहिजे. केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर बायका-मुलांविषयीची तक्रार नाव न सांगताही करता येते, हे प्रत्येक शाळा-कॉलेजच्या फळ्यावर लिहिलं गेलं पाहिजे.

आणि सरकारकडे नाही, पण घरी एक गोष्ट आजच करता येईल. आपल्या मुलीला जवळ बसवून सांगायचं, ‘काहीही झालं तरी मला सांग. तुझा फोन मी काढून घेणार नाही.’ आणि मग तो शब्द पाळायचा. एवढं झालं, तरी ती बोलेल. आपल्याशी बोलेल, ठाण्यात बोलेल, आणि पुढे जाऊन चारचौघांतही बोलेल.